तो आमचो मनीस

आजोबांच्या मयताला तो आला होता. एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरातली सात मतं गेली पंधरा वर्षं ठरलेली आहेत. मधल्या काळात त्याने पक्ष दोनदा बदलला, झेंडा बदलला, गाडी तर किती वेळा बदलली कोण मोजतंय, आमची मतं काही बदलली नाहीत. कोणी विषय काढलाच तर बाबा खुर्चीत जरा पुढे सरकतात आणि विचारतात, "आजो सरलो तेन्ना सगळ्यांत आदीं कोण आयिल्लो? तोच मरे. इतल्या पावसांत. तो आमचो मनीस." झालं, संपलं. यानंतर तुम्ही कॅगचा रिपोर्ट आणा नाहीतर साक्षात ब्रह्मदेवाला आणा.

आमचं गाव कुठलं ते मुद्दाम सांगत नाहीये. गोव्यात गाव सांगितलं की मतदारसंघ कळतो, मतदारसंघ कळला की आमदार कळतो, आणि आमदार कळला की तुम्ही लेख वाचायचं सोडून मी कुठल्या जातीचा, कोणाच्या बाजूचा, मला कोणी पैसे दिले याचा शोध घ्यायला लागाल. मीही तेच केलं असतं. आणि भाषेचं एक सांगून टाकतो, आमच्या घरात बोलणं सगळं कोकणीत आणि वाचणं-लिहिणं, पेपर, आरत्या, पत्रिका हे सगळं मराठीत, त्यामुळे लेखातली माणसं तोंड उघडतील तेव्हा कोकणीच बोलतील. बाहेरच्यांना हे समजावताना दमछाक होते, सवयीने कळेल.

तर मयत. मुंबई-पुण्याच्या मित्रांना याचं हसू येतं. त्यांचा आमदार त्यांना होर्डिंगवर दिसतो, खासदार तर टीव्हीवरच. आमच्याकडे ४० मतदारसंघ, एकेकात साधारण २५-३० हजार मतदार, म्हणजे उमेदवार तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो, तुमच्या वाड्यावरच्या कोणाचातरी तो वर्गमित्र असतो आणि त्याची मावशी तुमच्या आत्येच्या घराला लागून राहत असते. आणि निकाल लागतात ते बघा. २०२२ ला सांत आंद्रेत ७६ मतांनी निकाल लागला. पणजीत ७१६ मतांचा फरक, साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. ७६ मतं म्हणजे आमच्यासारखी अकरा घरं. म्हणजे कुठल्यातरी वाड्यावरच्या अकरा घरांत कोण कोणाच्या मयताला गेलं नि कोण गेलं नाही यावर विधानसभेत कोण बसणार ते ठरू शकतं. त्यामुळे पावसात येऊन उभा राहणारा माणूस मूर्ख नसतो, आणि त्याला लक्षात ठेवणारे बाबाही नसतात.

मी मात्र तसा नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी बँकेत आहे, लोन सेक्शनला. दिवसभर माणसांचे कागद बघायचे, कोण किती कमावतो, किती देणं आहे, गहाण काय ठेवतोय, आणि समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी कागदावर जे आहे तेवढंच खरं धरायचं. वीस वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपला तराजू सरळ आहे. घरात राजकारणावरून वाद झाला की मी त्या जज्जाच्या थाटात बसायचो, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी म्हणायचं की तुम्ही लोक भावनेने बोलता. बायको म्हणते माझा तो चेहरा बघून तिला उठून जावंसं वाटायचं.

जानेवारी २०२२ ची गोष्ट. १४ फेब्रुवारीला मतदान होतं, ओमिक्रॉनमुळे मोठ्या सभा नव्हत्या, त्यामुळे सगळा प्रचार घरोघरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. रोज रात्री सोप्यावर भांडणं. मला एक आयडिया सुचली. उमेदवारी अर्जासोबत जे अ‍ॅफिडेव्हिट भरतात, फॉर्म २६, ते निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळ्यांना बघता येतं. मालमत्ता, कर्ज, बायकोच्या नावावर काय, चालू असलेल्या केसेस, शिक्षण, सगळं त्यात असतं. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये निकाल दिला की मतदाराला हे कळायला पाहिजे, तेव्हापासून ही भानगड सुरू झाली, त्याआधी उमेदवाराची इस्टेट म्हणजे गावगप्पांचाच विषय. तर मी आमच्या मतदारसंघातल्या चौघांची अ‍ॅफिडेव्हिट्स प्रिंट मारली (कुठल्या प्रिंटरवर ते साहेबांना सांगू नका), नाव-गाव, पक्ष, फोटो, बायकोचं नाव, जे जे ओळख पटवणारं होतं ते सगळं व्हाइटनरने पुसलं, वर अ, ब, क, ड लिहिलं, आणि रात्री जेवणानंतर सोप्यावर ठेवलं. म्हटलं आता माणूस न बघता कागद बघून सांगा, यातल्या कोणाला तुमच्या दुकानाची चावी द्याल.

बाबांनी पहिला कागद उचलला. चष्मा लावला. आणि काय केलं असेल तर तो कागद ट्यूबलाइटच्या समोर धरला आणि व्हाइटनरच्या मागून नाव वाचता येतंय का ते बघायला लागले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पस्तीस वर्षं पोरांना कॉपी करताना पकडलेला माणूस.

"बाबा, नाव बघायचं नाहीये."

"नांव कळ्ळ्याबगर कशें सांगपाचें? आदीं नांव सांग."

हे वाक्य मी त्या रात्री चार वेळा ऐकलं, चार वेगवेगळ्या तोंडांतून. काकांनी तर कागद वाचलाच नाही, गाड्यांच्या रकान्यावर बोट ठेवून मॉडेल आणि वर्षावरून माणूस ओळखायला बसले आणि चुकीचा ओळखला. आई चिंच सोलत होती, तिने हात पुसून चारही कागदांतलं फक्त एकच बघितलं, बायकोच्या नावावर सोनं किती, आणि जिच्या नावावर सगळ्यात कमी तो सगळ्यात खोटारडा असा निकाल दिला, कारण म्हणे आमदारकीला उभ्या राहणाऱ्याच्या बायकोकडे एवढंच भांगर असणं शक्यच नाही. वहिनीने शिक्षण बघितलं. ती तेवढी एकटी सगळी पानं उलटत होती, पण पुतण्या रडायला लागला आणि तिला उठावं लागलं.

बाबांनी शेवटी नाइलाजाने कागद वाचले, शिक्षकच ते, एकदा वाचायला लागले की नीट वाचतात. आणि म्हणाले, हा अ बरा दिसतो. फार नाही, थोडकं आहे, वडिलोपार्जित आहे, केस नाही, कर्ज बेताचं. निवळ माणूस दिसतो.

अ म्हणजे ज्याचं नाव काढलं तरी बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात तो.

मी नाव सांगितलं. दोन सेकंद काही बोलले नाहीत. मग तोच कागद परत हातात घेतला, परत चष्मा लावला, परत वाचला आणि म्हणाले, "म्हणटगीर उरिल्लें सगळें दुसऱ्यांच्या नांवार आसतलें." पाच मिनिटांपूर्वी थोडकं होतं म्हणून चांगलं, आता थोडकं आहे म्हणून संशय. एक अक्षर बदललेलं नव्हतं, फक्त व्हाइटनर खरवडला होता. मी इतका हसलो, दुसऱ्या दिवशी बँकेत सगळ्यांना अ‍ॅक्शन करून दाखवलं, ट्यूबलाइटसकट.

हसणं थांबलं ते मार्चमध्ये. निकाल लागून गेला होता, ड्रॉवर साफ करताना ते कागद सापडले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्या खेळात एक माणूस असा होता ज्याच्यासाठी नावं पुसलेलीच नव्हती. मी. मीच तर व्हाइटनर लावला. आणि लावण्याआधी सवयीने चारही मूळ कागद पेन्सिल घेऊन वाचले होते, जसे लोनचे वाचतो, जिथे शंका तिथे खूण. खुणा मोजल्या. अ च्या कागदांवर तशाच थोड्या, ब वर अकरा, ड वर चौदा. क वर तीन.

क मला आवडायचा. शिकलेला, शांत बोलणारा, मराठी चांगलं, भाषणात एकदा बाकीबाबांच्या, म्हणजे कवी बोरकरांच्या, ओळी म्हणाला होता आणि बरोबर म्हणाला होता. त्याचं उत्पन्न आणि त्याचं कर्ज याचा मेळ बसत नव्हता, हे मला मार्चमध्ये दिसलं, जानेवारीत नाही दिसलं. जानेवारीत मी त्या आकड्याच्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "धंदा वाढवतोय". ड चं कर्ज याच्या निम्मंही नव्हतं, तिथे मी लिहिलं होतं, "कुठून फेडणार?" क वर एक केस होती, तिथे "आंदोलनातली". ती आंदोलनातली आहे हे फॉर्ममध्ये कुठेही नव्हतं, कलमं लिहिलेली होती फक्त, आंदोलन मी माझ्या पदरचं घातलं. ब वर एक केस, तिथे दोन उभ्या रेघा.

अशी फाइल बँकेत माझ्यासमोर आली असती तर मी क ला परत पाठवला असता. गोड बोलून.

मग मी जरा वाचायला लागलो की हे काय असतं. अमेरिकेत जेफ्री कोहेन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहे, त्याने २००३ मध्ये एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांना गरिबांना मदत करायची सरकारी योजना वाचायला दिली, काहींना अगदी सढळ हाताची, काहींना एकदम कंजूष. त्यांच्या स्वतःच्या विचारांवरून अंदाज करायचा तर उदारमतवाद्यांना सढळ आवडायला पाहिजे, दुसऱ्यांना कंजूष. पण सोबत नुसतं एवढं सांगितलं की ही योजना तुमच्या पक्षाची आहे, की योजनेत काय आहे ते मागेच पडलं, आपल्या पक्षाची म्हटल्यावर कुठलीही चालली. मला खटकलं ते पुढचं. विचारल्यावर ही पोरं सांगत होती की आम्ही योजनेतला मजकूर बघून ठरवलं, पक्षाचा काही संबंध नाही. म्हणजे खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाबा निदान कागद ट्यूबलाइटसमोर धरतात, उघड उघड म्हणतात नाव सांग. मी नाव वाचून पेन्सिल हातात घेतो आणि म्हणतो मी कागद वाचतोय.

बाबांवर हसायचा हक्क गेला म्हटल्यावर बाबांचं जरा नीट ऐकायला लागलो. आमचं घर सिंहाचं. म्हणजे ती निशाणी असलेल्या मगोपचं, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं. आजोबा भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, शेत कसायचे, कूळ. पोर्तुगीज असताना आमच्या गावात धड शाळा नव्हती. १९६१ ला मुक्ती, १९६३ ला पहिली निवडणूक, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावागावात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या पडवीत, मिळेल तिथे. १९६४ ला कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, ज्याला भाटकार उद्या ऊठ म्हणू शकत होता त्याला तसं म्हणता येईना. बाबा त्या पडवीतल्या शाळेत शिकले आणि पुढे तसल्याच शाळेत शिक्षक झाले. आता या माणसाला तुम्ही सांगा की पक्षाचा जाहीरनामा तपासून तटस्थपणे मत दे. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, खाणींनी पुढे काय काय केलं, यावर बोलायला जावं तर बाबा ऐकतात, मान हलवतात, आणि म्हणतात शाळा कोणी काढली?

२०२२ ला मगोपने निवडणूक लढवली तृणमूलसोबत आणि निकालानंतर सरकारला पाठिंबा दिला भाजपच्या. दोन आमदार. प्रचारात ज्यांच्या विरोधात बोलले त्यांच्याच बाजूला जाऊन बसले. बाबांना विचारलं तर म्हणाले, भाऊंचो पक्ष जगपाक जाय न्हय? हेच दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांनी कुठला शब्द वापरला असता ते मला माहीत आहे, इथे लिहिण्यासारखा नाही.

आणि याच्या अगदी उलट आमच्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर बसतो तो. मडगावचा. अठरा वर्षं आम्ही डबा एकत्र खातो, त्याच्या बायकोने केलेलं आंब्याचं लोणचं आमच्या घरी जातं, आईच्या खतखत्यातला अर्धा डबा त्याच्या घरी. तो इंग्रजी पेपर वाचतो, मी मराठी, आणि कालच्या एकाच सभेची बातमी आम्ही दोघं वाचतो तेव्हा त्याच्या पेपरात गर्दी कमी असते. त्याच्या आजोबांनी १९६७ ला दोन पानांचा प्रचार केला, माझ्या आजोबांनी फुलाचा. जनमत कौल, १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का वेगळा ठेवायचा. फूल म्हणजे विलीन, दोन पानं म्हणजे वेगळा. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०, चौतीस हजारांनी पानं जिंकली. त्याच्याकडे १६ जानेवारी अस्मिताय दीस म्हणून गोडधोड असतं, आमच्याकडे संक्रांतीच्या शिळ्या तिळगुळाशिवाय काही नसतं.

कौल नीट व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी आधी राजीनामा दिला होता. मी लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की एवढा दिलदार माणूस, खुर्ची सोडली. त्याने लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की आमच्या लोकांनी मागणी लावून धरली म्हणून सोडावी लागली. राजीनामा एकच. मग मार्चअखेर विधानसभेची निवडणूक झाली, विलीनीकरण हरून अडीच महिनेही झाले नव्हते, आणि विलीनीकरणवाल्या मगोपचंच सरकार परत आलं, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री. यावरही दोन गोष्टी. आमच्याकडे, लोकांचा भाऊंवर जीव होता. त्याच्याकडे, गोंयकार शहाणो, प्रश्न वेगळा आणि माणूस वेगळा हे त्याला कळतं, शिवाय मतं फुटली. डबा खाताना आम्ही हे किती वेळा बोललो असू, आणि दर वेळी दोघंही आपापल्या आजोबांचेच वकील. १९६७ ला आम्ही दोघंही जन्मलेलो नव्हतो.

माझं अजून एक आहे ते सांगून टाकतो, लिहायला बरं नाही वाटत तरी. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतला एखादा उमेदवार टीव्हीवर बोलायला लागला, कोकणीला पोर्तुगीज हेल, मध्ये मध्ये इंग्रजी, की माझ्या आत काहीतरी अर्धा इंच मागे सरकतं. तो काय बोलतोय ते मी ऐकतो, मुद्दा पटतोही, पण तो सरकलेला अर्धा इंच परत पुढे येत नाही. आणि बाकीबाबांच्या ओळी म्हणणारा क बोलला की तो अर्धा इंच आपोआप पुढे. समोरच्या टेबलवाल्याला हे एकदा सांगितलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "म्हाकाय तशेंच जाता, तूं शुद्ध मराठी उलोवपाक लागलो काय."

चेहऱ्यांचं तर वेगळंच. ताईचं घर चोडणला. २०२२ च्या त्याच प्रचारात एकदा आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत होतो, समोर सगळ्या पक्षांचे बॅनर, हात जोडलेले, गळ्यात उपरणी. थोड्याच दिवसांपूर्वी मी एका स्विस अभ्यासाबद्दल वाचलं होतं, अँटोनाकिस आणि डाल्गास, २००९ चा. त्यांनी पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना होडीचा खेळ खेळायला दिला आणि दोन अनोळखी चेहरे दाखवून विचारलं, तुमच्या होडीचा कॅप्टन यातला कोण. चेहरे होते फ्रान्सच्या संसदेच्या निवडणुकीतले, एक जिंकलेला एक हरलेला. पोरांनी शंभरात साधारण सत्तर वेळा जिंकलेल्याला कॅप्टन केलं. तर मी भाच्याला विचारलं, बघ हां, यातला फेरीबोट कोण चालवील?

त्याने जराही वेळ न घेता एकाकडे बोट दाखवलं. रुंद जबडा, मिशी, नजर सरळ.

"आणि हा का नाही?"

"तो फेरी बुडयतलो."

बिचारा. त्याचा फोटो पासपोर्टचा होता नुसता, कोणीतरी मोठा करून छापला होता. आता २०१५ पासून मतदान यंत्रावरही फोटो असतो, सारख्या नावाचे डमी उमेदवार उभे करून लोकांचा गोंधळ करतात म्हणून तो आणला, उपयोगाचाच आहे. पण बटण दाबायच्या आधी शेवटचं जे दिसतं त्यात आता जबडापण असतो.

आणि अर्ध्या हातांचा शर्ट. याच्यावर मी बोलायला नको खरं तर, कारण मी त्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईचे इंजिनियर, मुख्यमंत्री झाले तरी हाफ शर्ट आणि पायात चप्पल, त्यांच्याबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो, तो शर्ट त्यांचा स्वतःचा होता. पण त्यानंतर कोणीही हाफ शर्ट घालून, पायात चप्पल अडकवून, फाइल काखेत मारून आला की मला तो हुशार आणि स्वच्छ वाटायला लागायचा. शर्टाच्या बाहीचा आणि टेंडरचा काय संबंध? १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले, तर एकदा माणूस आवडला की त्याची अंगकाठी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव सगळ्यालाच चांगले मार्क पडलेले. त्या अधिकाऱ्यांना निदान ती माणसं रोज परेडला दिसत होती. मी शर्टाच्या बाहीवरून मार्क दिले.

मी ज्याला आयुष्यात एकदा मनापासून मत दिलं तो हाफ शर्टवाला होता. निवडून आला आणि फुटला. कोण ते सांगत नाही, कधी तेही नाही, गोव्यात हे वर्णन इतक्या जणांना बसतं की मी सुरक्षित आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एका दमात भाजपमध्ये गेले. मग २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देवळात, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली की आम्ही पक्ष सोडणार नाही, ११ निवडून आले आणि सप्टेंबरमध्ये त्यातले ८ गेले. आठच का, तर दोन तृतीयांश लागतात, अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात आणि थोडे, म्हणून आठ. पक्षांतरबंदीच्या हिशेबात आमच्या आमदारांइतका पक्का मी लोनच्या व्याजातही नाही.

तर माझा माणूस फुटला. पहिले तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी कोणीतरी बँकेत म्हणालं, विकला गेला. आणि माझ्या तोंडातून निघालं, "अरे पण विरोधात बसून मतदारसंघाची कामं होत नाहीत ना." मी. हे वाक्य मी स्वतः दुसऱ्यांच्या तोंडी असताना किती वेळा सोलून काढलं होतं! दुसऱ्यांचा फुटला की बैल बाजारात गेला, आमचा फुटला की विकासासाठी गेला. समोरच्या टेबलवाल्याने डब्यातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, लोणचं पुढे सरकवलं फक्त.

गेल्या चवथीला तो आला होता. हाफ शर्टवाला नाही, मयताचा. २०२७ ची निवडणूक जवळ येत होती, त्यामुळे त्या चवथीला सगळेच देवदर्शनाला फार. चार पोरं बरोबर, एकाच्या हातात नारळांची पिशवी. गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली उभा राहून हात जोडले, आईच्या पाया पडला, नेवरी (करंजी) घेतली, मुलांचं शिक्षण विचारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून बँक कशी आहे विचारलं, आणि हे सगळं इतकं सहज की मला पण क्षणभर वाटलं, चांगला आहे रे माणूस. बाबा आनंदाने नुसते फुलले होते. जाता जाता चप्पल घालताना तो वळला.

"आनी आजो कसो आसा? खंय दिसना तो?"

आजोबांचा फोटो त्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर होता. ताज्या शेवंतीचा हार, सकाळीच मी घातलेला. आईच्या हातात नेवऱ्यांचं ताट तसंच राहिलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे.

"बरो आसा," बाबा म्हणाले.

"विचारलां म्हणून सांग हां ताका," असं म्हणून तो गेला, पुढच्या घरात पोरांनी फटाके लावले, बाबा परत खुर्चीत बसले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मी म्हणणार होतो, अगदी जिभेवर होतं, की बाबा, आता सात मतांचं काय. पण तेवढ्यात तेच म्हणाले, माझ्याकडे न बघता, माटोळीतल्या कांगलांकडे बघत, की दिवसाला शंभर घरं फिरतो तो, कोणाकोणाचं मयत लक्षात ठेवील.

आणि आईने त्याच्यासाठी बांधून ठेवलेल्या चार नेवऱ्या सोडून परत डब्यात टाकल्या.